ज्याचं जळतं त्याला कळतं
समदुःखी माणसांचे आधारगट कसे चालतात?

समजा, अमळनेरच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या माध्यमिक शाळेत तुमच्याबरोबर एक बाई शिकवतात. गणित उत्तम शिकवतात, वेळेवर येतात. पण सहलीला कधीच येत नाहीत. सुटीत त्यांच्या घरी जायचं ठरलं की काहीतरी अडचण निघते. त्यांचा धाकटा भाऊ जळगावला इंजिनिअरिंगला होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता तो काय करतो असं विचारलं की "बाहेरगावी असतो" म्हणून त्या विषय बदलतात.

भाऊ घरातच आहे. त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं वाटतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आहे, गोळ्या चालू आहेत. पण बाईंच्या मनातले प्रश्न वेगळेच आहेत. रात्री दोन वाजता तो दार उघडून निघाला तर त्याला काय म्हणायचं? भाजीत विष आहे असं तो म्हणाला तर वाद घालायचा की गप्प बसायचं? आईला किती सांगायचं? आपल्याला स्थळ आलं तर हे बोलायचं की लपवायचं?

या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडत नाहीत. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टरांनाही तेवढा वेळ नसतो. ती सापडतात अशा माणसाकडे, ज्याच्या घरात ही रात्र कधीतरी येऊन गेली आहे. "ज्याचं जळतं त्याला कळतं" असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा "तुम्हाला नाही कळायचं" असं सुचवायचं असतं. पण या म्हणीचा दुसराही अर्थ निघतो. ज्यांचं ज्यांचं जळलं आहे अशा माणसांना एकत्र बसवलं, तर त्यांना कळलेलं बरंच काही एका जागी जमा होईल.

अशा एकत्र बसण्याला आधारगट किंवा स्वमदत गट म्हणतात. (बचत गटालाही आपण स्वयंसहायता गट म्हणतो, पण त्याचं काम मुख्यतः पैशांचं. इथे जमा होतो तो अनुभव.) दारू सोडू पाहणारे, कर्करोगातून उठलेले, एचआयव्हीसह जगणारे, अडखळत बोलणारे, मानसिक आजार झालेल्यांचे नातेवाईक, अशा अनेकांचे गट आज महाराष्ट्रात आहेत.

यावर एक शंका लगेच येते. तापीच्या डोहात दहा माणसं गटांगळ्या खात असतील, त्यांतल्या एकालाही पोहता येत नसेल, तर ती एकमेकांना वाचवणार कशी? शंका रास्त आहे. तिचं उत्तर शोधणं हाच या लेखाचा हेतू आहे.

धुळ्याकडचा एक प्राध्यापक

डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा आजार होता. वर सांगितलेल्या भावाचा आजारही हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे दर ३०० माणसांत एकाला, हा आजार आहे. याचा अर्थ दोन-तीन हजार वस्तीच्या गावात अशी सात-आठ घरं असू शकतात. तरीही प्रत्येक घराला वाटत असतं की आपण एकटेच आहोत, कारण उरलेली घरंसुद्धा "बाहेरगावी असतो" असंच सांगत असतात.

कॅनडात अशा कुटुंबांची संघटना १९७९ पासून आहे. आपल्याकडे तसं फारसं काही नव्हतं. वाणींच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू झाली. पुढे याच विषयावर 'देवराई' हा मराठी चित्रपट २००४ मध्ये आला, त्याच्यामागेही वाणी होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आहे. तो पाहून पुष्कळांना आपल्याच घरातली गोष्ट पडद्यावर दिसली.

पुण्यातल्या अशा गटांनी भाषेतही एक छोटा बदल केला. तिथे आजारी माणसाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. पार्किन्सन्सच्या रुग्णांचं पुण्यात मित्रमंडळ आहे, तिथेही हेच शब्द चालतात. 'वेडा' आणि 'वेड्याची बहीण' ही ओळख ज्यांना वर्षानुवर्षं चिकटली, त्यांना नवी ओळख मिळणं ही साधी गोष्ट नाही. आणि ती त्यांना बाहेरच्या कुणी बहाल केलेली नाही, त्यांनी आपसात वापरून रूढ केली आहे.

भीती वाटते तेव्हा कोण जवळ हवं?

माणसाला संकटात माणसं हवीशी वाटतात, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला? पण कुठली माणसं हवीशी वाटतात, हा प्रश्न विचारला की गोष्ट जरा रंजक होते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅनली शॅक्टर या मानसशास्त्रज्ञाने काही प्रयोग केले आणि १९५९ मध्ये ते प्रसिद्ध केले. काही विद्यार्थिनींना त्याने सांगितलं, "तुम्हाला विजेचे झटके दिले जाणार आहेत, ते चांगलेच दुखतील." दुसऱ्या गटाला सांगितलं, "झटका अगदी सौम्य असेल, गुदगुल्या झाल्यासारखं वाटेल." मग दोघींनाही म्हटलं, "यंत्र तयार व्हायला दहा मिनिटं लागतील. तोवर एकटीने थांबायचंय की इतरांबरोबर?" खरा प्रयोग एवढाच होता, झटका कोणालाच दिला नाही. जोराच्या झटक्याची भीती घातलेल्या ३२ जणींपैकी २० जणींनी सोबत मागितली. सौम्य झटक्याच्या ३० जणींपैकी फक्त १० जणींनी.

पुढच्या प्रयोगात भीती सगळ्यांनाच घातली. मात्र निम्म्या मुलींना सांगितलं, "शेजारच्या खोलीत याच प्रयोगासाठी थांबलेल्या मुली आहेत." उरलेल्यांना सांगितलं, "शेजारी प्राध्यापकांना भेटायला आलेल्या मुली बसल्या आहेत." पहिल्या गटातल्या दहापैकी सहा जणींना सोबत हवी होती. दुसऱ्या गटातल्या दहापैकी एकीलाही नको होती! म्हणजे भ्यालेल्या माणसाला नुसती गर्दी नको असते, त्याला त्याच नावेतले प्रवासी हवे असतात.

(वर्गात ही माहिती सांगताना आणखी एक प्रश्न जरूर चर्चेला घ्या: असं खोटं सांगून प्रयोग करणं योग्य आहे का? आज अशा प्रयोगांना परवानगी मिळवणं बरंच अवघड आहे.)

जेम्स कुलिक आणि हाइके माहलर यांनी १९८७ मध्ये याच्यापुढची पायरी गाठली. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या पुरुषांचा त्यांनी अभ्यास केला. काहींच्या शेजारच्या खाटेवर शस्त्रक्रियेची वाट पाहणारा रुग्ण होता, तर काहींच्या शेजारी शस्त्रक्रिया होऊन गेलेला. दुसऱ्या प्रकारचा शेजारी मिळालेल्यांची शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी होती, शस्त्रक्रियेनंतर ते जास्त हिंडूफिरू लागले आणि लवकर घरी गेले.

इथे आपल्या तापीच्या डोहातल्या शंकेचं उत्तर मिळायला लागतं. गटातली सगळी माणसं एकाच वेळी, एकाच जागी गटांगळ्या खात नसतात. कोणी काठाला लागलेला असतो, कोणी कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो, कोणी आज सकाळीच पाण्यात पडलेला असतो. कमरेएवढ्या पाण्यातल्या माणसाला पट्टीचं पोहता येत नसेल, पण पाय कुठे टेकतो हे त्याला नक्की माहीत असतं. गट चालतो तो या अंतरावर. दुःख सारखं, पण वाटेवरचे टप्पे वेगवेगळे.

बैठकीत काय घडतं?

बैठक दिसायला अगदी साधी असते. शाळेची खोली, एखादं सभागृह किंवा कुणाचं घर. आठ-दहा माणसं गोल करून बसतात, त्यांत उच्चासन कोणाला नसतं. पाळीपाळीने प्रत्येक जण बोलतो, ज्याला बोलायचं नसेल तो "पुढे जाऊ द्या" म्हणतो. एक बोलत असताना दुसरा मधे तोंड घालत नाही. "तू असं कर" म्हणण्याऐवजी "मी असं केलं, त्याचं असं झालं" अशी बोलायची पद्धत असते. इथलं बोलणं इथेच ठेवायचं, हा सर्वांत कडक नियम. शेवटी चहा. पुष्कळदा खरं बोलणं चहाच्या वेळीच होतं.

एवढ्याशा गोष्टीतून चार कामं होतात.

पहिलं काम म्हणजे एकटेपण मोडतं. नव्याने आलेला माणूस आपली गोष्ट अडखळत सांगतो आणि समोरचा म्हणतो, "मलाही असंच झालं होतं." आपल्या खानदेशात म्हणतील, "माले बी असंच व्हयेल व्हतं." या एका वाक्याचा परिणाम मोठा असतो. आपलं दुःख हा आपल्या घराण्याचा दोष नाही, नशिबाचा फेरा नाही, ही अनेकांना येणारी अडचण आहे, हे त्या क्षणी समजतं. लाज कमी होते. आणि लाज कमी झाली की माणूस वेळेवर उपचार घेतो, गोळ्या लपवून ठेवत नाही.

दुसरं काम म्हणजे अनुभवातून आलेलं ज्ञान हाती लागतं. थॉमसिना बोर्कमन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ मध्ये असं मांडलं की स्वमदत गटांचं भांडवल हे वेगळ्या जातीचं ज्ञान असतं. डॉक्टरांचं ज्ञान हजारो रुग्णांवरून काढलेलं, नियमांत बसवलेलं असतं. गटातलं ज्ञान एका घरातल्या एका रात्रीचं असतं. "विष नाही हे मी त्याला पटवायला जायची, भांडण व्हायचं. आता मी त्याच ताटातला घास आधी खाते, बोलत काहीच नाही." असं एखादी आई सांगते. एका अनुभवावरून नियम होत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्यांना सांगायला नको. पण पंधरा घरांचे अनुभव ऐकले की कुठलं कुठे लागू पडतं याचा अंदाज येतो. यातलं कुठलंही ज्ञान दुसऱ्याची जागा घेत नाही. शेतकऱ्याला कृषी विद्यापीठाची पुस्तिका लागते आणि बांधाशेजारच्या शेतकऱ्याचा सल्लाही लागतो, तसंच हे.

तिसरं काम सांगताना होतं. मनात घोळणाऱ्या गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट नसतो. ती सांगायला बसलं की क्रम लावावा लागतो, शब्द शोधावे लागतात. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये काही विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशाच्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. त्यातही जे प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहीत होते, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहिताना मात्र बहुतेकांना वाईटच वाटलं होतं. गटातही हेच दिसतं. पहिल्यांदा बोलून घरी गेलेला माणूस त्या रात्री जास्त अस्वस्थ असू शकतो. जुन्या सभासदांना हे माहीत असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला फोन करतं.

चौथं काम सर्वांत अनपेक्षित आहे. त्यासाठी १९३५ सालात जावं लागेल.

देणाऱ्याला काय मिळतं?

बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस. दारूने त्याचं सगळं नेलं होतं. काही महिने त्याने दारू टाळली होती. मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात गेला. काम फसलं. हॉटेलात एकटा, शेजारी दारूची बैठक चालू. आता आपण टिकत नाही हे त्याला कळून चुकलं. त्याने दारूच्या विळख्यात सापडलेल्या दुसऱ्या माणसाचा शोध सुरू केला. फोनाफोनी करून त्याला डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. पंधरा मिनिटांसाठी ठरलेली भेट काही तास चालली. डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम माहीत नव्हते असं थोडंच आहे? पण समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःबद्दल सांगत होता. १० जून १९३५ ला डॉ. स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतला. तो दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. भारतात तिच्या बैठका १९५७ पासून होत आहेत. दारुड्यांच्या पत्नींसाठी आणि कुटुंबांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही वेगळी संघटना १९५१ मध्ये निघाली.

या गोष्टीत एक बारीकसा मुद्दा आहे. बिल विल्सन हा डॉक्टरांना वाचवायला गेला नव्हता, स्वतःला वाचवायला गेला होता. दुसऱ्याला मदत करताना आपण टिकतो, हे त्याला उमगलं होतं. तीस वर्षांनी, १९६५ मध्ये, फ्रँक रीसमन या अभ्यासकाने हेच तत्त्व म्हणून मांडलं: मदत करणाऱ्यालाच पुष्कळदा मदतीचा जास्त फायदा होतो. आपण शिक्षकांना हे पटायला हरकत नाही. एखादा धडा आपल्याला खरा कधी समजतो? तो शिकवायची वेळ येते तेव्हा. शिवाय जो माणूस वर्षानुवर्षं फक्त घेणारा झाला होता, त्याच्याकडेही देण्यासारखं काही आहे हे त्याला पहिल्यांदा दिसतं.

पुण्याचं 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेलेच अनेक जण पुढे कार्यकर्ते झाले, ते याच तत्त्वावर. नव्या रुग्णाला डॉक्टर समजावतातच, पण "मीही याच खाटेवर होतो" असं म्हणणारा माणूस डॉक्टरांच्या शेजारी उभा असतो.

हे आपल्याकडे नवं आहे का?

पद्धतशीर गटांचा इतिहास साधारणपणे १९०५ पासून सांगतात. बोस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट गरीब क्षयरोग्यांना स्वच्छता आणि विश्रांतीचे धडे देण्यासाठी आठवड्यातून एकदा एकत्र बसवू लागले. त्यांच्या लक्षात आलं की धड्यांइतकाच उपयोग रोग्यांना एकमेकांच्या भेटीचा होतोय.

पण आपल्या आज्यांना विचारलं तर त्या हसतील. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. पहाटे घरोटावर दोघी समोरासमोर बसायच्या, एक ओवी म्हणायची, दुसरी ती उचलायची. सासरचा जाच, माहेरची ओढ, वैधव्य, गेलेलं मूल, जे दिवसाउजेडी उच्चारायची सोय नव्हती ते सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) ऐन तारुण्यात वैधव्य आलं. त्यांचं काव्यही घरकाम आणि शेतकाम करता करताच जन्मलं. समोर बसलेली बाई समदुःखी, पाळीपाळीने बोलणं, न्यायनिवाडा कोणी करायचा नाही. बैठकीचे बरेचसे नियम इथे आहेतच.

दुसरं उदाहरण तेव्हाच्या पश्चिम खानदेशातलं, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्यातलं. (हा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.) तळोदे तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांच्याभोवती १९३० च्या दशकाच्या अखेरीला हजारो आदिवासी दर सोमवारी आरतीला जमू लागले. दारू सोडायची, रोज आंघोळ करायची, आणि एकमेकांना 'आप' म्हणून हाक मारायची. सावकार आणि अंमलदार ज्यांना अरे-तुरे करत, ते एकमेकांना 'आप' म्हणू लागले! १९३८ मध्ये महाराजांचं निधन झाल्यावर त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ही चळवळ पुढे नेली. ती धार्मिक चळवळ होती, आजच्या अर्थाने आधारगट नव्हे. पण ठरलेला वार, सगळ्यांनी मिळून धरलेला नेम आणि मानाची नवी हाक या तीन गोष्टी दारू सोडवणाऱ्या कोणत्याही गटात आजही दिसतील. एकट्याने केलेला निश्चय बाजाराच्या दिवशी मोडतो. सोमवारी चारचौघं विचारणार असतील तर तो टिकायला मदत होते.

उपयोग किती होतो?

चांगलं वाटणं वेगळं आणि उपयोग होणं वेगळं. म्हणून मोजमाप पाहू.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या पद्धतीवर झालेल्या २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण १०,५६५ माणसं होती. ठरलेल्या आराखड्याप्रमाणे या बैठकांकडे वळवलेल्या १०० जणांपैकी सुमारे ४२ जण वर्षानंतर पूर्णपणे दारूमुक्त होते. इतर मान्य उपचार घेतलेल्या १०० पैकी सुमारे ३५. म्हणजे विनामूल्य बैठका इतर उपचारांपेक्षा कमी पडल्या नाहीत, उलट थोड्या सरसच ठरल्या. पण १०० पैकी ५८ जणांना वर्षभर पूर्ण दारूमुक्त राहणं जमलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

दुसरा अभ्यास सातपुड्यासारख्याच भागातला आहे. झारखंड आणि ओडिशातल्या तीन जिल्ह्यांत, बहुतांशी आदिवासी वस्तीत, 'एकजुट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात बायकांचे गट चालवले. गावातलीच एक बाई बैठक घ्यायची. बाळंतपणात काय घडलं, बाळ का दगावलं, पुढच्या वेळी काय करता येईल, यावर बायका बोलायच्या, चित्रं आणि गोष्टी वापरायच्या आणि उपाय स्वतः ठरवायच्या. गट नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही ५७ टक्क्यांनी कमी आढळलं.

तिसरी गोष्ट सावध करणारी आहे. डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये शरीरभर पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधारगटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी सुमारे ३७ महिने जगल्या, इतर सुमारे १९ महिने. जगभर खळबळ उडाली. पण २००१ मध्ये पामेला गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग केला, तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २००७ मध्ये स्वतः स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर तो पुन्हा करून पाहिला. एकूण पाहता आयुष्य वाढत नाही, असंच त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. गुडविन यांच्या अभ्यासात गटातल्या स्त्रियांची मनाची तगमग आणि वेदना मात्र कमी होती. निष्कर्ष सरळ आहे. गट हे औषध नाही. गट गाठ विरघळवत नाही, गाठीसह जगणं सुसह्य करतो. औषध सोडून गटात बसायला सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून दूर राहावं.

गट बिघडतो केव्हा?

वाटेवरचे टप्पे वेगळे असले पाहिजेत, असं आपण म्हटलं. ते नसले तर काय होतं, याचं उत्तर थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दिलं. वात्रट, नियम मोडणाऱ्या मुलांनाच एकत्र करून सुधारवर्ग चालवले, तेव्हा काही ठिकाणी मुलांचं वागणं सुधारण्याऐवजी बिघडलं. कारण काठाला लागलेलं कोणी नव्हतंच, त्यामुळे मुलं एकमेकांच्या खोड्यांनाच दाद देत राहिली. 'बॅक बेंच'वर सगळ्या दंगेखोरांना बसवून पाहिलेल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.

गट बिघडण्याची आणखी तीन कारणं आहेत. बोललेलं बाहेर गेलं की गट संपतो. छोट्या गावात तर फार लवकर. एकाच्या हाती सूत्रं गेली की बैठकीचं प्रवचन होतं. आणि "माझ्या भावाला या गोळीने बरं वाटलं, तुझ्याला दे" असं सुरू झालं की धोका वाढतो. आता पुष्कळ गट फोनवरही चालतात. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला महिन्याला शहर गाठणं जमत नाही, त्याला ही मोठी सोय आहे. पण तिथे चेहरा दिसत नाही, चहा नसतो आणि जालीम औषधांच्या जाहिराती आत शिरतात. त्यामुळे हेच नियम तिथे अधिक कडक पाळावे लागतात. कोणी जीव नकोसा झाल्याचं बोलू लागलं, तर ते गटावर सोपवून चालत नाही. तिथे डॉक्टरच हवेत. सरकारची १४४१६ ही 'टेलिमानस' दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे आणि ती चोवीस तास चालते.

शाळेत काय करता येईल?

शाळेत लगेच गट काढायची गरज नाही. मुलांना "तुझ्या घरची अडचण सगळ्यांना सांग" असं तर कधीच म्हणू नये. सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण कुलिक आणि माहलर यांच्या शेजारच्या खाटेची कल्पना वापरता येते.

दहावीत गणितात नापास झालेल्या मुलाला आपण धीर देतो, तो त्याच्या कानावरून जातो. गेल्या वर्षी नापास होऊन पुरवणी परीक्षेत सुटलेल्या मुलाला त्याच्याशेजारी बसवा. तो निकालाच्या दिवशी घरी कसा गेला, वडील काय म्हणाले, पुन्हा पुस्तक कधी उघडलं, हे सांगेल. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल भागातल्या आश्रमशाळांत सिकलसेलचा आजार असलेली मुलं असतात. नव्याने आलेल्या पाचवीतल्या मुलाला नववीतला मुलगा सांगू शकतो की पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंग झाकायचं, दम लागेपर्यंत पळायचं नाही आणि अंग दुखायला लागलं की लगेच सरांना सांगायचं. या सूचना परिपाठात आपणही देतो. पण "मी असं करतो आणि मी नववीपर्यंत आलो" हे आपल्याला म्हणता येत नाही.

आता पुन्हा त्या गणिताच्या बाईंकडे वळू. त्यांना आपण काय देऊ शकतो? आपल्या घरात तो आजार नसेल तर "मला कळतं" म्हणू नये, ते खोटं ठरतं. "सगळं ठीक होईल" हेही म्हणू नये. अशी माणसं एकत्र बसतात, ती कुठे बसतात याची चौकशी मी करून ठेवली आहे आणि पहिल्या दिवशी दारापर्यंत मी सोबत येईन, एवढं म्हणता येईल. आत त्या एकट्या जातील. गोलात एक खुर्ची रिकामी असेल. त्या कदाचित त्या दिवशी "पुढे जाऊ द्या" एवढंच म्हणतील. काही महिन्यांनी त्याच गोलात नवं कोणीतरी घाबरत येऊन बसेल, आणि बाई म्हणतील, "माझ्या भावालाही असंच झालं होतं." त्या दिवशी दोघींनाही थोडं बरं वाटेल.